स्वतःच्या डिझाइनचे जिमचे कपडे कारखान्यातून शिवून घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे, वसई आणि नवी मुंबईतले जिमवाले, ट्रेनर आणि नवा ब्रँड काढू पाहणारे जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्या प्रश्नांपासून आहे, अडचणीचे पुढे येतात. एका गोष्टीचं उत्तर एकदाच दिलंय. बाकी ठिकाणी त्या प्रश्नाचा क्रमांक सांगितलाय.

१. माझ्याकडे फक्त कल्पना आहे आणि मोबाइलमध्ये साठवलेले चार-पाच फोटो. एवढ्यावर कारखानदार बोलतो का?

बोलतो, चहाही पाजतो, पण दर सांगत नाही. सांगितलाच तर तो हवेतला आकडा समजा. फोटोत कापडाचं वजन दिसत नाही, जोड कोणत्या मशीनवर मारलाय ते दिसत नाही, आणि मॉडेलच्या पाठीमागे क्लिपा लावून कपडा आवळलेला असतो हे तर मुळीच दिसत नाही. "अगदी फोटोसारखं हवं" या एका वाक्यावरून जितकी भांडणं होतात तितकी पैशांवरूनही होत नाहीत.

सोबत न्यायच्या गोष्टी साध्या आहेत. ज्याचं फिटिंग तुम्हाला आवडतं असा एक खरा, दोन-चारदा धुतलेला कपडा. हाताने काढलेलं पुढचं-मागचं चित्र, वेडंवाकडं असलं तरी चालेल. त्यावर छाती, कंबर, सीट, मांडी, आतली लांबी ही मापं, आणि प्रत्येक मापात किती फरक चालेल तो आकडा. लोगो कुठे आणि केवढा, रंग किती, पीस किती. हे सगळं नीट बांधलं की त्याला टेकपॅक म्हणतात. पहिल्याच ऑर्डरला डिझायनरकडून महागडा टेकपॅक करून घ्यायची गरज नाही. मास्टर (कापणी आणि मापं सांभाळणारा मुख्य कारागीर) हुशार असेल तर नमुन्याच्या कपड्यावरून पॅटर्न, म्हणजे कापायचा कागदी साचा, काढतो. मात्र दुसऱ्या ब्रँडचं जसंच्या तसं उचलायचा विचार असेल तर आधी प्रश्न १५ वाचा.

२. मुंबईत असे कारखाने आहेत कुठे? की सरळ तिरुपूर गाठू?

परळ-लालबागच्या नावावरून अनेकांचा गोंधळ होतो. तिथल्या गिरण्या सूत कातायच्या आणि कापड विणायच्या. कपडे शिवणं हा तेव्हाही वेगळा धंदा होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि आज तिथे ऑफिसं आणि मॉल आहेत. शिलाईचं काम गाळ्यांमध्ये चालतं: अंधेरी, साकीनाका, गोरेगाव, मालाड, कांदिवली, धारावी, वसई, नालासोपारा, भिवंडी. उल्हासनगर मुख्यतः जीन्ससाठी ओळखलं जातं, त्यामुळे तिथल्या गाळ्यात ताणाच्या कापडाची मशीन आहेत का ते आधी विचारा.

कापड हाताळून बघायला मंगळदास मार्केट ठीक आहे. पण जिमवेअरचं पॉलिस्टर-स्पॅन्डेक्स (स्पॅन्डेक्स म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा) बहुतेक वेळा सुरत किंवा लुधियानाहून येतं, आणि इथले व्यापारी त्याचेच रोल विकतात. तिरुपूरची ताकद सुती निटिंगमध्ये आहे. आता तिथे सिंथेटिकही होतं, पण मोठ्या कारखान्यांना मोठ्या ऑर्डरीच परवडतात.

माझं मत विचाराल तर पहिली ऑर्डर लोकलने जाता येईल अशाच गाळ्यात द्या. कटिंगच्या दिवशी स्वतः उभं राहता येणं हे पीसमागे वाचणाऱ्या पाच-दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं आहे. डिझाइन स्थिर झालं आणि एका स्टाइलचे पाचशेच्या वर पीस जाऊ लागले की बाहेरचा विचार करा.

३. कमीत कमी किती पीस करावे लागतात?

शिलाईवाल्याची अट आणि कापडवाल्याची अट वेगवेगळी असते, आणि खरी अडचण दुसऱ्या अटीची आहे. मुंबईतले छोटे गाळे एका स्टाइलला, एका रंगात ५० ते १०० पीस घेतात. पण तुम्हाला हवी तशी खास मोरपिशी छटा रंगवून हवी असेल, तर डाईंगवाला एका लॉटसाठी ठरावीक किलो मागतो, आणि तेवढ्या कापडात शंभराहून कितीतरी जास्त पीस निघतात.

म्हणून सुरुवातीला बाजारात तयार असलेले चालू रंग घ्या: काळा, नेव्ही, चारकोल, मरून. "शंभर पीस" म्हणजे एका रंगाचे सगळे साइज मिळून शंभर, की पाच रंगांचे वीस-वीस, हेही आधीच स्पष्ट करा. कारखानदाराच्या डोक्यात नेहमी पहिलाच अर्थ असतो.

४. आमच्या जिमच्या फक्त ४० सभासदांसाठी टी-शर्ट हवेत, प्रत्येकाच्या नावासह. यासाठी कारखाना लागेल का?

नाही. तयार ड्रायफिट टी-शर्ट घाऊक घ्या आणि त्यावर नाव-लोगो छापून घ्या. छपाईचा प्रकार कोणता ते प्रश्न ८ मध्ये आहे.

५. कापड आम्ही आणून द्यायचं आणि कारखान्याने फक्त शिवायचं, की सगळंच त्यांच्यावर सोपवायचं?

पहिल्या प्रकाराला जॉबवर्क म्हणतात. यात कापडाची निवड तुमच्या हातात राहते आणि पीसमागे खर्चही कमी येतो. पण कापड कमी पडलं, शेड वेगळी निघाली किंवा रोलमध्ये भोकं सापडली तर तो सगळा ताप तुमचा. दुसऱ्या प्रकारात कारखाना कापडापासून पॅकिंगपर्यंत सगळं करतो, त्यावर आपला नफा लावतो, आणि जबाबदारीही त्याची असते. नवख्या माणसाने दुसरा मार्ग घ्यावा, फक्त कापडाचा नमुना स्वतः पास करून सही घालून ठेवावा.

जॉबवर्कच केलंत तर वजनाचं गणित समजून घ्या, कारण निटेड कापड किलोवर मिळतं आणि पीस मात्र मीटरमधून निघतात. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. ६० इंच पन्ह्याचं २५० जीएसएमचं कापड मीटरला साधारण ३८१ ग्रॅम भरतं, म्हणजे किलोला २.६ मीटर. तेच कापड प्रत्यक्षात २७५ जीएसएमचं निघालं तर किलोला २.४ मीटरच्या आत येतं. १०० किलोमागे जवळपास २४ मीटर कमी. कापड जाड आलं म्हणून तुम्ही खूश होता आणि कटिंगला पीस कमी भरतात, त्याचं कारण हे. मास्टरने चोरी केली असा संशय घेण्याआधी वजन करून बघा.

जीएसटी नोंदणी असेल तर कापड डिलिव्हरी चलनावरच पाठवा. जॉबवर्कला दिलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत परत यायला किंवा तिथून विकला जायला हवा, नाहीतर तो पुरवठा धरून कर लागतो. वर्षभर कोपऱ्यात पडून राहिलेले रोल दिसायला निरुपद्रवी असले तरी हिशेबात तसे नसतात.

६. जिमवेअरसाठी कोणतं कापड घ्यावं? प्रत्येक दुकानदार वेगळंच सांगतो.

कारण प्रत्येकाकडे जे पडून असतं तेच सगळ्यात चांगलं असतं.

आधी घाम. सुती धागा हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के धरून ठेवतो, नायलॉन चार टक्क्यांच्या आसपास, पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. सुती टी-शर्ट घाम पितो आणि जूनच्या मुंबईत तो वाळतच नाही. अंगाला चिकटून जड होतो. पॉलिस्टर घाम पीत नाही, तो पृष्ठभागावर पसरतो आणि उडून जातो. त्याची दुसरी बाजू म्हणजे पॉलिस्टरमध्ये वास लवकर बसतो, आणि हे कोणताही दुकानदार आपणहून सांगणार नाही.

टी-शर्ट आणि टँकसाठी १४० ते १८० जीएसएमचं पॉलिस्टर, जाळीदार विणीचं असेल तर उत्तम. लेगिंगसाठी २२० ते २८० जीएसएम, इंटरलॉक (दुहेरी) विणीचं, दोन्ही दिशांना ताणणारं. सिंगल जर्सीची (एकेरी विणीची) लेगिंग स्वस्त पडते, पण कडा वळतात आणि खाली बसल्यावर आरपार दिसतं. पॉलिस्टर-स्पॅन्डेक्स की नायलॉन-स्पॅन्डेक्स? नायलॉन हाताला मऊ आणि घासायला टिकाऊ, पण महाग, आणि त्यावर सब्लिमेशन प्रिंट (प्रश्न ८) नीट बसत नाही. छापील डिझाइन असेल तर पॉलिस्टर, सपाट रंगाची भारी लेगिंग असेल तर नायलॉन. स्पोर्ट्स ब्रा हा वेगळाच विषय आहे: बाहेरचं कापड, आतली पॉवरनेट (आधार देणारी ताणाची जाळी), खालचं इलॅस्टिक आणि कप या चारही गोष्टी जमाव्या लागतात. पहिल्या ऑर्डरमध्ये ब्रा घेऊच नका. लेगिंग आणि टी-शर्ट बसल्यावर त्यात हात घाला.

आणखी एक. मेलांज ग्रे रंग फोटोत सुंदर दिसतो आणि जिममध्ये घामाचा प्रत्येक ठिपका दाखवतो. काळा, नेव्ही आणि गडद छपाई घाम झाकतात. ग्राहकांच्या तक्रारी बघूनही दरवर्षी कुणीतरी ग्रे लेगिंगच पहिली काढतो.

७. दुकानदाराने २५० जीएसएम सांगितलं, स्पॅन्डेक्स २० टक्के सांगितलं. खरं की खोटं कसं कळणार?

जीएसएम तिथल्या तिथे कळतं. जीएसएम कटर गोल तुकडा कापतो, त्याचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर असतं. तो तुकडा छोट्या काट्यावर ठेवा. ग्रॅममध्ये जो आकडा येईल त्याला १०० ने गुणा. अडीच ग्रॅम म्हणजे २५०. बहुतेक गाळ्यांत कटर असतो. नसेल तर त्या गाळ्यात कापडाचं वजन कसं तपासतात हा प्रश्न पडायला हवा.

ताण बघायला पेनाने १० सेंटिमीटरवर दोन खुणा करा, १५ पर्यंत ताणून मिनिटभर धरा, सोडा. खुणा पुन्हा दहावर आल्या पाहिजेत. अकरावर अडकल्या तर गुडघ्याला पोतं येणार हे नक्की. आरपार दिसतं का ते कपडा शिवून, घालून, ट्यूबलाइटखाली पूर्ण खाली बसून बघायचं. हातात ताणून बघणं पुरत नाही.

स्पॅन्डेक्सची टक्केवारी मात्र डोळ्यांनी कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. यात मुंबईकर नशीबवान आहेत: घाटकोपरला बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन, वरळीला सस्मिरा, प्रभादेवीला टेक्स्टाइल्स कमिटी. धाग्यांचं प्रमाण, धुण्याने आणि घामाने रंग जातो का, गोळे येतात का एवढ्या चाचण्या करून घ्या. रंगाच्या पक्केपणाची श्रेणी १ ते ५ असते. ४ च्या खाली काही घेऊ नका. शंभर पीससाठी हा खर्च नको वाटेल, पाचशे पीसना मात्र तो टाळणं महागात पडतं.

८. सब्लिमेशन, डीटीएफ, सिलिकॉन, स्क्रीन... कोणती छपाई निवडू?

सब्लिमेशन फक्त पॉलिस्टरवर आणि पांढऱ्या किंवा फिक्या कापडावर. १९० ते २०० अंशांच्या आसपास शाई वाफ होऊन धाग्यात शिरते, त्यामुळे हाताला जाणवत नाही आणि उकलत नाही. पूर्ण टी-शर्टभर डिझाइन असेल तर हाच मार्ग, आणि छापून मग शिवायचं, शिवून मग छापायचं नाही. पण लेगिंगमध्ये गोम आहे: शाई वरच्या थरात असते, कापड ताणलं की खालचा पांढरा धागा डोकावतो. काळ्या छापील लेगिंगमध्ये मांडीवर राखाडी झाक दिसते ती यामुळेच. काळी लेगिंग हवी तर रंगवलेलं काळं कापडच घ्या.

छोटा लोगो किंवा सभासदाचं नाव यासाठी डीटीएफ (फिल्मवर छापून उष्णतेने चिकटवायचा प्रिंट) ठीक, पण छातीभर मोठा डीटीएफ लावला तर त्या जागी हवा खेळत नाही आणि ताणाने तो तडकतो. लेगिंगवरच्या लोगोसाठी सिलिकॉन ट्रान्सफर चांगला, तो कापडाबरोबर ताणतो. स्क्रीन प्रिंट पीस जास्त आणि रंग कमी असतील तेव्हा परवडतं.

लाल किंवा मरून पॉलिस्टरवर पांढरा लोगो हा सापळा आहे. प्रेसच्या उष्णतेने कापडातला रंग वर चढतो आणि पांढरा लोगो गुलाबी होतो, कधी लगेच, कधी गोदामात चार दिवसांनी. छपाईवाल्याला रंग अडवणारा थर वापरायला सांगा, आणि सॅम्पल छापल्यावर आठवडाभर ठेवून मगच पास करा.

९. कारखानदार म्हणतात "फ्लॅटलॉक आहे आमच्याकडे". एवढं पुरेसं आहे का?

नाही. फ्लॅटलॉक म्हणजे खरं तर जोड सपाट शिवणारं मशीन, पण गाळ्यांमध्ये फ्लॅटलॉक म्हणतात ते बहुतेक वेळा खालची पट्टी दुमडून मारायचं मशीन असतं. चांगल्या लेगिंगचे जोड सपाट बसतात ते चार सुया आणि सहा धाग्यांच्या मशीनवर, आणि ते महाग असल्याने सगळ्यांकडे नसतं. म्हणून विचारा, "आतल्या मांडीचा जोड कशावर मारणार?" उत्तर ओव्हरलॉक (कडा धाग्याने गुंडाळून शिवणारं मशीन, जोड आतून उंच राहतो) आलं तर तो जोड धावताना घासणार. टी-शर्टला ओव्हरलॉक चालतं.

सोबत दोन गोष्टी बघा. ताणाच्या कापडाला गोल टोकाची सुई लागते. साध्या सुईने धागा तुटतो आणि चार धुण्यांनंतर शिलाईशेजारी बारीक भोकांची रांग दिसते. आणि लेगिंगच्या मध्यजोडात चौकोनी तुकडा घातलेला असावा. तो वाचवला की सगळा ताण एका बिंदूवर येतो.

१०. सॅम्पलचे वेगळे पैसे का मागतात? आणि किती सॅम्पल करावे लागतात?

एक सॅम्पल म्हणजे मास्टरचा अर्धा दिवस, वेगळं कटिंग आणि चालू लाइन थांबवून केलेली शिलाई. त्यामुळे दर दुप्पट-तिप्पट लागतो. ऑर्डर दिल्यावर ते पैसे बिलातून वळते होतात का, हे आधी विचारा.

पहिलं सॅम्पल दिसणं बघण्यासाठी, हातात असलेल्या कापडात. दुसरं फिटिंगसाठी, खऱ्या कापडात. हे दोन-तीनदाही होऊ शकतं. मग सगळ्या साइजचा एकेक पीस. शेवटी खरं कापड, खरा धागा, खरं लेबल, खरी छपाई असलेला पीस. हा शेवटचा पीस सगळ्यात महत्त्वाचा: दोन करून घ्या, दोघांनी टॅगवर सही-तारीख घाला, एक गाळ्यात टांगा आणि एक घरी पिशवीत सील करून ठेवा. पुढे "असं ठरलं नव्हतं" हा वाद निघाला की निकाल तो पीस देतो.

सॅम्पल पास करण्याआधी ते पाच वेळा धुवा आणि त्यात खरोखर व्यायाम करा. आरशासमोर फिरून पास केलेलं सॅम्पल बर्पी मारताना वर सरकतं.

११. साइजचं काय? माझे अर्धे ग्राहक पहिलवान आहेत आणि अर्धे नुकतेच जिमला लागलेले.

ताणाचा कपडा शरीराच्या मापापेक्षा लहान कापतात. किती लहान हे कापडाच्या ताणावर ठरतं. म्हणून कापड बदललं की तोच पॅटर्न चालत नाही, मास्टरला नव्याने बसवावा लागतो. रिपीट ऑर्डरला "तेच कापड मिळालं नाही, जवळपासचं घेतलं" असं ऐकलंत तर नवं फिटिंग सॅम्पल मागाच.

रुंद खांदे आणि बारीक कंबर असलेल्यांना नेहमीचा एक्सएल कमरेत ढगळ पडतो. त्यांच्यासाठी वेगळा कट ठेवा, साइज वाढवून भागत नाही. कोणत्या साइजचे किती पीस हे प्रमाण ठरवताना बाजारातलं ठोकळेबाज गणित घेण्यापेक्षा तुमच्या जिममधल्या तीस-चाळीस जणांची मापं टेपने घ्या.

१२. एकूण किती दिवस लागतात?

सॅम्पलला दोन आठवडे धरा, आणि शेवटचं सॅम्पल पास झाल्यावर मालाला चार ते सहा आठवडे. पण मुंबईत कॅलेंडर बघूनच तारीख ठरवा. गाळ्यांतले बरेच कारागीर उत्तर प्रदेश आणि बिहारचे. होळी, ईद, दिवाळी-छठला गावी जातात आणि सांगितलेल्या दिवशी परत येतातच असं नाही. गणपतीत स्थानिक फिनिशिंग-पॅकिंगच्या बायका सुट्टीवर असतात. जानेवारीत नव्या वर्षाचे संकल्प करून लोक जिमला येतात, त्या विक्रीसाठी माल हवा असेल तर सॅम्पल दिवाळीच्या बऱ्याच आधी पास झालेलं पाहिजे.

पावसाळ्यात कापडाचे रोल जमिनीवर ठेवू देऊ नका आणि पूर्ण सुकलेला माल पॉलीबॅगमध्ये जातोय याची खात्री करा. वाफेच्या इस्त्रीनंतर घाईत भरलेल्या पिशवीत बुरशी लागते. रोल उघडून कापड किमान २४ तास सैल ठेवायचं आणि मगच थर लावायचे, ही पायरी घाईत पहिली गाळली जाते. ताणलेलंच कापड कापलं तर कपडे शिवल्यावर आखडतात.

१३. कारखानदार मामांच्या ओळखीतले आहेत. लेखी मागितलं तर त्यांना वाईट वाटेल. काय करू?

करार म्हणू नका, "काका, ऑर्डरची प्रत पाठवतो, एकदा बघून घ्या" असं म्हणा आणि व्हॉट्सअॅपवर पाठवा. त्यात कापडाचं नाव आणि जीएसएम, रंग, साइजवार पीस, दर, दरात काय धरलंय (धागा, लेबल, पिशवी, वाहतूक), तारीख, किती टक्के रिजेक्शन चालेल, आणि पास झालेल्या सॅम्पलचा फोटो. त्यांनी "ओके" लिहिलं की झालं. ओळखीत हे जास्तच गरजेचं आहे, कारण तिथे भांडण झालं तर दिवाळीचा फराळही अवघड होतो.

पैसे साधारण निम्मे आधी आणि निम्मे माल तपासून उचलताना. तपासण्याआधी पूर्ण रक्कम देऊ नका, आणि माल उचलल्यावर रखडवूही नका: सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून नोंदणी असलेल्या पुरवठादाराला २००६ च्या कायद्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. जीएसटीचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्यावरच्या कपड्याला १८ टक्के आहे. २,५९९ ची लेगिंग काढायच्या आधी हा हिशेब करा.

१४. माल तपासायचा कसा? तीनशे पीस एकेक करून बघायचे?

पहिल्या ऑर्डरला, हो, बघा. तीनशे पीस दोन माणसं दिवसभरात सहज बघतात. पुढे नमुना पद्धत वापरा. २८१ ते ५०० पीसच्या लॉटमधून कोणतेही ५० काढायचे, २.५ च्या पातळीला (दोषांची स्वीकार्य मर्यादा, इंग्रजीत एक्यूएल) त्यात मोठे दोष असलेले ३ पर्यंत निघाले तर लॉट पास, ४ निघाले तर परत. पीस स्वतः निवडा, वरचे गठ्ठे त्यांनी पुढे केलेले नकोत.

बघायचं ते हे: साइजची मापं, जोड ताणल्यावर टाके तुटतात का, एकाच लेगिंगचे दोन पाय एकाच शेडचे आहेत का, लोगो सरळ आहे का, लेबल आणि साइज जुळतात का. पायांची शेड वेगळी निघाली तर वेगवेगळ्या रोलचे तुकडे मिसळलेत. बंडलला नंबर घातले नव्हते. हा दोष अल्टर होत नाही. सुटलेला टाका, लोंबणारा धागा, वाकडं लेबल हे तिथेच दुरुस्त करून घ्या. कापड कारखान्याचं असेल तर खराब पीसचा पूर्ण खर्च त्यांचा. कापड तुमचं असेल तर ते फक्त शिलाई सोडतील, आणि ही वाटणी आधी ठरलेली नसेल (प्रश्न १३) तर पुढे काही हाती लागत नाही.

१५. माझं डिझाइन कारखानदाराने दुसऱ्याला विकलं तर? आणि मी एखाद्या परदेशी ब्रँडचा कट उचलला तर?

ब्रँडचं नाव आणि लोगो ट्रेडमार्क म्हणून नोंदवा, कपड्यांचा वर्ग २५. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती किंवा लघु उद्योगाला ४,५०० रुपये शुल्क आहे, नोंदणी दहा वर्षं चालते. हे काम पहिल्या ऑर्डरच्या आधी करा.

कपड्याच्या रूपाचं संरक्षण वेगळ्या कायद्यात आहे, डिझाइन कायदा २०००: दहा वर्षं, पुढे पाच वाढवता येतात. अट अशी की डिझाइन आधी जाहीर झालेलं नसावं. इन्स्टाग्रामवर टाकून मग अर्ज केला तर नवेपणच उरत नाही. आणि "माझ्या चित्राचा कॉपीराइट आहेच की" यावर फार विसंबू नका. नोंदवता येण्याजोगं डिझाइन न नोंदवता कारखान्यात पन्नासहून जास्त वेळा उतरलं की त्यातला कॉपीराइट संपतो. शंभर पीसच्या ऑर्डरीतच ती मर्यादा ओलांडली जाते.

व्यवहारात सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे पॅटर्नचे पैसे वेगळे देऊन कागदी पॅटर्न आणि त्याची फाइल स्वतःकडे घेणं. साधा गोल गळ्याचा कट कुणाच्या मालकीचा नसतो. पण दुसऱ्याचा लोगो, त्याच्याशी ओळख जुळलेल्या पट्ट्या, सुपरहीरोचं चित्र, क्रिकेट संघाचं चिन्ह यांना परवानगी लागते. "थोडं बदललंय" म्हणून सुटका होत नाही.

१६. आमची व्यायामशाळा आहे. टी-शर्टवर महाराजांचं चित्र आणि लेगिंगवर तिरंगा घेतला तर चालेल ना?

हा प्रश्न शिवजयंती आणि पंधरा ऑगस्टच्या आधी हमखास येतो. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र १९५० च्या बोधचिन्हं-नावांच्या गैरवापराला आळा घालणाऱ्या कायद्याच्या परिशिष्टात आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते व्यापारासाठी, ट्रेडमार्कमध्ये किंवा डिझाइनमध्ये वापरता येत नाही. बाजारात सर्रास दिसतं हे खरं, पण ब्रँडच्या लोगोतच ते घेऊन नोंदणीला गेलात तर अडकाल. शिवाय घामाने भिजून फरशीवर टाकला जाणारा कपडा आहे हा, याचाही विचार करा.

तिरंग्याचं उत्तर एका शब्दात "नाही" असंच आहे. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मानाच्या कायद्यानुसार राष्ट्रध्वज कमरेखालच्या पोशाखाचा भाग म्हणून वापरता येत नाही, आणि कपड्याच्या कापडावर छापणं किंवा भरतकाम करणं हेही त्यात येतं. चक्रासह तिरंगा छापू नका.

१७. लेबलवर काय काय लिहावं लागतं? "लायक्रा" लिहू का?

पाकिटबंद विक्री असेल तर जास्तीत जास्त किरकोळ किंमत, निर्मात्याचं नाव-पत्ता, निर्मितीचा महिना-वर्ष, नग, साइज आणि तक्रारीसाठीचा संपर्क. आत शिवलेल्या लेबलवर धाग्यांचं प्रमाण आणि धुण्याच्या सूचना: थंड पाणी, कम्फर्टसारखं सॉफ्टनर नको, कडक इस्त्री नको. सॉफ्टनरचा थर बसला की कापड घाम पसरवत नाही.

लायक्रा हे नोंदणीकृत ब्रँडनाव आहे. गाळ्यात बोलताना खुशाल म्हणा, लेबलवर स्पॅन्डेक्स किंवा इलास्टेन लिहा. तसंच "अँटी-बॅक्टेरियल" लिहायचं तर हातात चाचणीचा अहवाल हवा.

१८. रिपीट ऑर्डरचा काळा पहिल्या काळ्यासारखा नाही. कारखानदाराने फसवलं का?

बहुतेक नाही. प्रत्येक डाय लॉट थोडा वेगळा निघतो, आणि काळ्यात लाल किंवा निळी झाक सहज येते. पहिल्या लॉटचा हातभर तुकडा उन्हापासून दूर जपून ठेवा आणि नवं कापड घेताना दिवसाच्या उजेडात जुळवा. टॉप आणि लेगिंग सेट म्हणून विकत असाल तर दोन्ही एकाच लॉटमधून कापा, आणि जुन्या टॉपसोबत नवी लेगिंग पाठवू नका.

१९. उरलेलं कापड आणि रिजेक्ट पीस कुणाचे?

जॉबवर्कमध्ये कापड तुमचं, म्हणून उरलेले रोल आणि मोठे तुकडेही तुमचे. चिंध्या गाळ्यातच राहतात, तशी रीत आहे. पूर्ण काम कारखान्याकडे असेल तर उरलेलं कापड त्यांचं.

रिजेक्ट पीसबद्दल मात्र सावध राहा. तुमच्या लेबलसकट ते फुटपाथवर तुमच्याच ब्रँडच्या निम्म्याहून कमी भावात दिसू शकतात. लेबलं स्वतः छापून मोजून द्या, वापरलेली आणि परत आलेली जुळवा, आणि रिजेक्ट पीसवरचं लेबल तुमच्यासमोर कापून घ्या. छापील लोगो असेल तर ते पीस स्वतःच उचलून न्या, शिलाईचे पैसे द्यावे लागले तरी.